मंडळाचा फ्रिज

कुणाच्याही घरी गेले की मी संधी साधून त्यांचा फ्रिज उघडून बघते. लग्न ठरवायला आम्ही मुलाकडे गेलो होतो तेव्हाही मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि फ्रिजचं दार उघडून उभी राहिले. होणाऱ्या सासूबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "काय हवंय का गं?" मी म्हटलं, "नाही, बर्फ किती साचतो ते बघतेय." लग्न झालं, म्हणजे त्यांनी ते मनावर घेतलं नसावं.

ही खोड मला अकराव्या वर्षी लागली. तेव्हा आम्ही दिंडोशीच्या टेकडीवर राहायचो. खाली रस्त्याला लागून मीटर असलेली पक्की घरं, आणि त्यांच्या डोक्यावर जंगलाच्या भिंतीपर्यंत चढत गेलेली आमची वरची वस्ती. आम्हाला मीटर मिळत नव्हता. खालच्या कुठल्या तरी घरातून वायर ओढून आणलेली, तिच्यावर ट्यूबलाइट, पंखा आणि टीव्ही एवढं चालायचं. एकाने हौसेने फ्रिज आणून लावला तर अख्ख्या गल्लीची लाइट गेली. लोकांनी त्याला तो त्याच संध्याकाळी बंद करायला लावला, आणि पुढे त्यात त्याच्या बायकोने गोधड्या ठेवल्या.

त्या वर्षी मला तहान लागायला लागली. माठातलं पाणी मी एकटी संपवायचे. शाळेचा फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. आईने आधी जंत झालेत म्हणून कडू औषध पाजलं, मग मीठमिरच्या ओवाळल्या, आणि मग खालच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने बोट टोचून बघितलं आणि सरळ मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. मला साखरेचा आजार झाला होता. आमच्याकडे साखर म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा आजार. ज्या मुलीला चॉकलेटसुद्धा सणासुदीला मिळायचं तिला साखर कशी होईल, हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तिथली डॉक्टर तरुण होती आणि प्रेमळ होती. माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते बाहेरून द्यायचं, सकाळ-संध्याकाळ सुई, आयुष्यभर, असं तिने मला समजावून सांगितलं. सुई मी स्वतः टोचायला शिकले. निघताना तिने आईला विचारलं, "घरी फ्रिज आहे ना? हे थंड ठेवायला लागतं."

आई म्हणाली, "होऊन जाईल."

या दोन शब्दांवर अर्धी मुंबई चालते. पाणी येईल का, काम होईल का, जागा मिळेल का, सगळ्याला एकच उत्तर. डॉक्टरीण बाईंनी त्याचा अर्थ 'आहे' असा घेतला आणि बर्फाच्या पिशवीत घालून बाटल्या हातात दिल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फ्रिज नसलेलं घर बहुतेक त्यांच्या ओळखीतच नव्हतं. औषध मात्र पूर्ण फुकट होतं. ते घेऊन आम्ही रिक्षात बसलो तेव्हा बाबांनी आईला विचारलं, "आता ह्या खंय ठेवतलंस?" आणि आईने बर्फाची पिशवी पदराखाली घेतली.

संध्याकाळी मुलुंडहून आत्या आली. आत्याचा ब्लॉक होता, लिफ्ट होती, फ्रिज होता, आणि मूलबाळ नव्हतं. तिने चपला काढायच्या आधीच सांगितलं, "हिला माझ्याकडे ठेवा. शाळा समोर आहे, मी दिवसभर घरात असते. इथे या पोरीचं काय करणार तुम्ही?"

आत्याचं काहीच चुकत नव्हतं, हाच तर त्रास होता. ती वाईट असती तर मी तिचा राग केला असता. पण ती माझ्यावर जीव टाकायची, आणि बोलत होती तेही खरं होतं. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर दिवसभर बाहेर, आई खालच्या टॉवरमधल्या घरांत स्वयंपाकाला. मला फक्त एवढं माहीत होतं की मला जायचं नव्हतं. रात्री जमिनीवर आईच्या पाठीला पाठ लावून झोपायची सवय होती, आणि दुसऱ्याच्या घरी, मग ती आत्या का असेना, मोजूनमापून जेवायचं मला नको होतं. मी माळ्यावर चढून बसले आणि खाली उतरायला नकार दिला.

बाबा म्हणाले, "तीन महिन्यांनी रक्त तपासणार आहेत. साखर ताब्यात असली तर रवांदे हंयच. नसली तर घेऊन जा."

बाटल्यांना जागा दिली ती आंटीने. आंटी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारी, जुन्या गावठाणातली ख्रिश्चन बाई. ही सगळी टेकडी कधी काळी तिच्या सासरच्यांची भातशेती आणि गवताची जमीन होती असं ती सांगायची. त्यातलं आता एक कौलारू घर, समोर मोठं अंगण, अंगणात झेंडूची माळ घातलेला क्रूस आणि माठ-मुळ्याचे चार वाफे एवढं उरलं होतं. तिचा आवाज असा की ती घरात कुणाशी बोलली तर आम्हाला वरती वाटायचं आम्हालाच हाक मारते. तिचा फ्रिज म्हातारा होता. दाराचं रबर गेलेलं, म्हणून त्याला नवऱ्याचा जुना पट्टा आवळून बांधलेला. आत बोंबील, कोळंबी, मसाल्याच्या बाटल्या, आणि दारातल्या अंड्यांच्या खणात अंड्यांच्या शेजारी माझं औषध.

सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात जायचे. मी पोटाला सुई टोचली की आंटी स्वतःचं पोट धरायची. मग माझ्यासमोर बसून राहायची, मी डब्यातली चपाती खाऊन संपवेपर्यंत. "खा गो, नाहीतर चक्कर येल," असं रोज म्हणायची. एकदाच चक्कर आली होती, पण ते तिने जन्मभर लक्षात ठेवलं. मला तिच्या त्या स्वयंपाकघरात बरं वाटायचं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

श्रावण लागला. आमच्या घरी श्रावणापासून गणपती जाईपर्यंत मासळी बंद. आंटीला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. आई काही बोलली नव्हती, तिच्या मनातही आलं नव्हतं, पण आंटीने आपण होऊन अंडी खणातून काढून टोपलीत ठेवली आणि माझ्या बाटल्या तिथे एकट्या राहिल्या. मला गंमत वाटली.

गणपती आले. आम्ही दरवर्षी गावी जायचो, त्या वर्षी माझ्यासाठी गेलो नाही. दीड दिवसाचा गणपती इथेच आमच्या खोलीत बसवला. त्या दोन दिवसांत मला पुन्हा ती तहान लागली. पोटात मळमळायला लागलं. आईने मोदकांच्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खाल्लास ना?"

"नाही खाल्ला."

"मग एवढं पाणी का पितेस? खरं सांग, मी ओरडणार नाही."

मी खरंच खाल्ला नव्हता. वासाने जीव जात होता तरी खाल्ला नव्हता, आणि त्याबद्दल कुणी शाबासकी द्यायची तर चोरीचा आळ. मी तोंड फिरवून झोपले आणि पोटात दुखतंय तेही सांगितलं नाही. माझा राग तेव्हापासून असाच आहे, माझ्या नवऱ्याला विचारा. विसर्जनाहून सगळे परत आले तेव्हा मी ओकत होते आणि श्वास लागला होता. बाबांनी मला पाठीवर घेतलं आणि टेकडी उतरले.

हॉस्पिटलमध्ये सलाइन लागलं. आईने जाता जाता आंटीकडून घेतलेली माझी बाटली पिशवीतून काढून सिस्टरच्या हातात दिली. सिस्टरने ती उजेडात धरली, हळूच फिरवली. आत नासलेल्या दुधासारखे कण फिरत होते. तिने विचारलं, "ही बर्फात ठेवली होती का? गोठली की हे औषध मरतं. पाणी टोचत होतात तुम्ही पोरीला."

दुसऱ्या दिवशी आई घरी कपडे आणायला गेली तेव्हा तिने आंटीला विचारलं. आंटीने अगदी अभिमानाने सांगितलं. गणपती घरात बसलेत, आणि पोरीच्या अंगात जायचं औषध मासळीच्या फ्रिजमध्ये कसं ठेवायचं? म्हणून तिने वरचा बर्फाचा खण रिकामा केला, धुतला, पुसला, त्यात नवा कोरा रुमाल अंथरला आणि त्यावर बाटल्या ठेवल्या. त्या खणात मासळी कधी गेली नव्हती. बाटली फार गार लागते म्हणून मी यायच्या आधी ती काढून हातात धरून बसायची, ऊब येईपर्यंत. म्हणून मला काहीच कळलं नव्हतं.

आई म्हणाली, "आंटी, आम्ही कधी सांगितलं होतं?"

आंटी म्हणाली, "सांगायला कशाला पायजे? एवढी वर्सं शेजारी हाय ना मी?"

मग आईने तिला बर्फाचं सांगितलं. आंटी तिथेच ओट्याला टेकून बसली. आई मला सांगायची की त्या बाईचा आवाज गेलेला तिने तेव्हा पहिल्यांदा बघितला. आईला राग करायचा होता, पण राग कुणावर करायचा? आमचंच सोवळं तिने आमच्यापेक्षा कडक पाळलं होतं. दोघी बसून रडल्या आणि मग आई कपडे घेऊन परत आली.

आत्या आली ती ठरवूनच. "दिवाळीच्या सुट्टीत घेऊन जाते. आता मला नाही म्हणू नका." बाबांनी मान हलवली. मी डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. त्या बेडवर मी शाळेचा, गल्लीचा, सगळ्यांचा मनातल्या मनात निरोप घेऊन टाकला. कुणाला माझी सागरगोट्यांची पिशवी द्यायची तेही ठरवलं.

मी घरी आले त्या आठवड्यात मंडळाची सभा होती. आमच्या वस्तीचं सार्वजनिक गणपती मंडळ, त्याची एक पक्की खोली गल्लीच्या मध्यावर होती. तिला मीटर होता. आत ढोल, मखराचे तुकडे, कॅरम. गणपती गेले की सभा व्हायची आणि पुढच्या वर्षी काय घ्यायचं ते ठरायचं. यंदा नवा स्पीकर घ्यायचं अध्यक्षांच्या मनात होतं. आई आणि मी आंटीबरोबर गेलो. ती आम्हाला कशाला घेऊन चालली आहे हे आईलाही माहीत नव्हतं. बायका सभेला जायच्या नाहीत, त्यातून ही ख्रिश्चन बाई. अध्यक्ष उठून उभे राहिले.

"आंटी, काय काम होतं?"

"तुमचा देव दर वर्साला कुठं बसतो?" आंटीने विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं. टेकडीवर सपाट जागा एकच, आंटीचं अंगण. मांडव तिथेच पडायचा, क्रूसाच्या शेजारी. सासऱ्यांच्या काळापासून.

"तुमच्या अंगणात," अध्यक्ष म्हणाले.

"मी कधी नाय बोलले? मग या पोरीच्या बाटलीला तुमच्या खोलीत जागा द्या. फ्रिज घ्या एक. तुमच्याकडे लाइट हाय."

"आंटी, तुमच्याकडे आहे ना फ्रिज? आता कळलं ना कुठे ठेवायचं ते. आणि या वर्षी स्पीकर घ्यायचाय."

"गेल्या साली घेतला त्याने माझा एक कान गेला. आता दुसरा न्यायचा हाय काय?" लोक हसले. आंटी हसली नाही. ती म्हणाली, "माझ्या एकटीच्या चांगुलपणावर पोरीला ठेवू नका रे. मी उद्या मेले तर? नायतर परत असंच काय चांगलं करायला गेले तर?"

 मग एक पोरगेलासा कार्यकर्ता म्हणाला, "पण एका पोरीसाठी अख्खा फ्रिज म्हणजे..."

मागच्या भिंतीला टेकून मंडळाच्या भजनात मृदंग वाजवणारे काका बसले होते. कोकणातलेच, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी धरलेले. ते खाली बघत म्हणाले, "एका नाय. माझी पण बाटली आसा."

त्यांच्या शेजारच्याने विचारलं, "तुमका कधीपासून?"

"झाली वर्सां. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाक ठेवतंय. कामावर कळला तर काढतीत, म्हणून कोणाक बोललंय नाय."

त्यांच्या पायाला फडकं बांधलेलं असायचं. बूट लागतो म्हणून सांगायचे. त्या दिवशी सगळ्यांनी त्या पायाकडे बघितलं. मग दाराबाहेर उभी असलेली एक बाई म्हणाली, तिच्या सासूचीही बाटली आहे, ती टॉवरमधल्या बाईंच्या फ्रिजमध्ये न सांगता भाजीच्या पिशवीत लपवून ठेवते, आणि सुट्टीच्या दिवशी म्हातारीला सुई मिळत नाही. हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती, जणू मी तिला परवानगी दिली होती. मला एकदम खूप मोठं झाल्यासारखं वाटलं. अध्यक्षांनी स्पीकरचा विषय पुन्हा काढला नाही.

फ्रिज बाबांनी मिळवला. ते ज्या बिल्डिंगची लिफ्ट बघायचे तिथलं एक कुटुंब नवा घेत होतं, त्यांचा जुना, पण ठणठणीत. दसऱ्याला मंडळाच्या पोरांनी तो टेकडीवर चढवला. जड वस्तू खांद्यावर घेऊन चालायची त्यांना एकच रीत ठाऊक, त्यामुळे फ्रिज 'मोरया'च्या गजरात वर आला आणि बायकांनी दारातून हात जोडले. बाबांनी बर्फाच्या खणाचं दार लाल टेपने असं बंद केलं की नंतर ते उघडायला त्यांनाही जमलं नाही. आत औषधाशिवाय काही ठेवायचं नाही असं ठरलं. एका कार्यकर्त्याने थंड पेयाची बाटली ठेवून बघितली, तेव्हा अध्यक्षांनी ती त्याच्यासमोर गटारात ओतली.

राहता राहिली किल्ली. खोली पहाटेपासून उघडी पाहिजे, आणि मंडळाचे कार्यकर्ते काही पहाटे उठणारे नव्हते. टेकडीवर सगळ्यांत आधी उठायची ती आंटी, चर्चला जायला. म्हणून गणपती मंडळाच्या खोलीची किल्ली आंटीच्या कमरेला आली. तिला माहीत होतं की तिच्यावर पुन्हा विश्वास टाकलाय. तिचा आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. पुढे दवाखान्याची नर्सही आठवड्यातून एकदा त्या खोलीत यायला लागली, काकांच्या पायाची मलमपट्टी तिथेच व्हायची, आणि लोक कॅरम खेळत खेळत साखर तपासून घ्यायचे. तो फ्रिज जाऊन आता दुसरा आलाय. मी माहेरी गेले की त्याचंही दार उघडून बघते, आणि वस्तीत किती जणांना साखर आहे ते बाटल्यांच्या गर्दीवरून कळतं.

पण मला सांगायचंय ते त्या थंडीतलं. फ्रिज आल्यावर बाबांनी आत्याकडून पुढच्या तपासणीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. आत्या म्हणाली होती, "तपासणीपर्यंत. त्याच्यापुढे एक दिवस नाही." तपासणीच्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाल्या, "झकास. असंच चालू दे." बाबा बाहेर आले आणि बाकावर बसले. मला वाटलं घरी जाऊ. ते म्हणाले, "फोनवर नाय सांगूचा. जाऊन सांगूया." आम्ही मुलुंडची बस धरली.

आत्याने दार उघडलं. तिने आमच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. तरी ती आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे खिडकीपाशी एक नवा छोटा पलंग होता, त्यावर फुलाफुलांची चादर, आणि भिंतीवर माझ्या उंचीला येईल असा आरसा ठोकलेला. "आधीच करून ठेवलं होतं," ती म्हणाली. बाबा आरशाकडे बघत उभे राहिले.

मला फार वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद होता, तो आत कुठेतरी तसाच राहिला. मी जाऊन त्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "आत्या, मी आजची रात्र इथे झोपू?"

आत्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तुझी संध्याकाळची सुई किती वाजता?"

"सातला."

"आणि औषध?"

"मंडळाच्या फ्रिजमध्ये."

तिने माझा हात धरून मला पलंगावरून उठवलं. बाबा म्हणाले, "अगे, चाय तरी टाक." आत्या म्हणाली, "चाय कसली पितोस? लिंक रोडला ट्रॅफिक किती असतं माहीत आहे ना? बसता काय, निघा." तिने माझ्या पायात चपला स्वतः घातल्या. लिफ्टची वाट न बघता आमच्याबरोबर जिना उतरून थेट स्टॉपपर्यंत आली, आणि बस अजून लांब होती, आमची आहे की नाही तेही दिसत नव्हतं, तरी रस्त्यात उतरून हात दाखवत उभी राहिली.